शिक्षा झाली, पुढे काय?

गेल्या महिन्याच्या टपालात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले. पत्र लांबलचक नाही, तक्रारीचा सूरही त्यात फारसा नाही. परंतु वाचून बाजूस ठेवावे असेही ते नाही. त्यांचा मुलगा सातवीत आहे. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी, असे आपल्याकडील पुष्कळ मुलांचे असते तसेच त्याचेही आहे. त्याच्या गुजराती बोलण्यातील मराठी हेलावरून वर्गातील एक मुलगा कित्येक महिने त्याची नक्कल करीत असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत हा उलटून बोलला, तेव्हा त्या मुलाने याचे दप्तर उचलून पाण्याच्या हौदात टाकले. दप्तरात वर्षभराच्या वह्या होत्या आणि मुंजीत आजोबांनी दिलेले पेन होते. शाळेने दिरंगाई केली नाही. चौकशी झाली, वडिलांना बोलावणे गेले, त्या मुलास आठ दिवस शाळेत येण्यास मनाई झाली. आता तो परत आला आहे आणि दोघे एकाच वर्गात बसतात. तो याच्याकडे पाहत नाही. हा रोज सकाळी पोट दुखते म्हणून अंथरूण सोडीत नाही. भगिनी विचारतात, अपराध्यास शिक्षा झाली, तुम्हाला न्याय मिळाला असे सर्वजण म्हणतात, मग आमच्या मुलाचे मन थाऱ्यावर का येत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या निष्काळजीपणात शोधू गेल्यास सापडणार नाही. मुख्याध्यापकांनी जे केले ते बहुतेक शाळांत झाले असते. काही वावगे घडले की शाळा तीन गोष्टी पाहते: नियम कोणता मोडला, कोणी मोडला आणि त्याबद्दल त्यास काय द्यावयाचे. ही उत्तरे मिळाली की फाइल बंद होते. भिजलेल्या वह्यांना या चौकशीत स्थान नाही. ज्याचे नुकसान झाले तो मुलगा तेथे केवळ साक्षीदार. आणि साक्ष देऊन झाल्यावर साक्षीदाराने घरी जावे, हा कोर्टकचेरीतील रिवाज शाळांनीही उचललेला आहे. इकडे शिक्षा भोगणारा मुलगा आठ दिवस घरी बसून काय विचार करीत असेल? आपण दुसऱ्याचे वर्षभराचे श्रम पाण्यात घातले, हा विचार त्याच्या मनात येण्याचे कोणी कारणच पुरविलेले नाही. त्याच्या मनात घोळत असावे ते एवढेच, की याने चुगली केली म्हणून मी घरी बसलो. घटनेच्या दिवशी सल एका मुलाच्या मनात होता. आता तो दोघांच्या मनात आहे.

शिक्षेऐवजी, किंवा निदान शिक्षेच्या जोडीने, दुसरा एक विचार गेली पन्नास वर्षे जगात हळूहळू रुजत आहे. इंग्रजीत त्यास ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. मराठीत काहीजण ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ असा शब्द योजतात. शब्द बिनचूक असेल, पण तो फळ्यावर लिहिता लिहिताच अर्धा तास संपावयाचा! आम्ही आपले त्यास ‘सांधणारा न्याय’ म्हणतो. अमेरिकेतील हॉवर्ड झेर यांनी १९९० साली ‘चेंजिंग लेन्सेस’ या ग्रंथात त्याची मांडणी केली. अपराध म्हणजे केवळ नियमाचा भंग नव्हे, तर माणसांची आणि माणसांमधील नात्यांची हानी होय, असे एकदा धरले की विचारावयाचे प्रश्नच बदलतात. कोणास इजा झाली? त्यास आता कशाची गरज आहे? आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणाची?

या विचाराचा आरंभ मात्र ग्रंथात झाला नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाचे एक लहानसे गाव आहे. १९७४ साली तेथे दोन तरुणांनी मद्याच्या धुंदीत एका रात्रीत गावभर धुमाकूळ घातला. मोटारींचे टायर चिरले, खिडक्यांच्या काचा फोडल्या. एकंदर २२ जणांचे नुकसान केले. कोर्टात दोघांनी गुन्हा कबूल केला. आता दंड किंवा तुरुंग, एवढेच काय ते उरले होते. परंतु त्या प्रकरणातील प्रोबेशन अधिकाऱ्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक विलक्षण सूचना ठेवली. या दोघांना त्या सर्वांच्या घरी प्रत्यक्ष जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीश प्रथम साशंक होते. पुढे त्यांनी संमती दिली. मग ते दोघे तरुण घरोघर गेले. दार वाजवावयाचे, दार उघडणाऱ्यास ‘हे आम्हीच केले’ असे सांगावयाचे आणि किती नुकसान झाले ते विचारावयाचे. अधिकारी आणि त्याचा सहकारी मागे वही घेऊन उभे. काही महिन्यांत त्यांनी ठरलेली भरपाई चुकती केली. त्या दोघांपैकी एकाने पुढे अशाच तंट्यांत मध्यस्थी करण्याचे शिक्षण घेतले आणि ते काम केले.

या हकिकतीत भरपाईची रक्कम आम्हास गौण वाटते. ज्याच्या घराची काच रात्री फुटते त्यास पैशापेक्षा एक गोष्ट अधिक छळते: माझेच घर का? कोणी आपल्यावर डूख धरून आहे काय? उद्या पुन्हा येईल काय? समोर उभा राहिलेला, मान खाली घातलेला तरुण जेव्हा सांगतो की तुमच्यावर आमचा राग नव्हता, आम्ही शुद्धीवरच नव्हतो, तेव्हा त्या घरास पुन्हा झोप लागू शकते. दंड सरकारजमा झाला असता तर हे घडले नसते. दांडिया बाजारातील त्या मुलाचाही प्रश्न ‘माझेच दप्तर का’ हाच असावा, असा आमचा तर्क आहे. त्याचे उत्तर जगात एकच मुलगा देऊ शकतो, आणि नेमके त्याच्याशीच बोलण्याची सोय शाळेने ठेवलेली नाही.

न्यूझीलंडने १९८९ साली मुलांच्या अपराधांसंबंधी जो कायदा केला, त्यात माओरी लोकांच्या कुटुंबसभेच्या परंपरेस स्थान दिले. अपराधी मूल, त्याचे आप्त, ज्याला झळ लागली तो आणि त्याची माणसे, असे सारे एकत्र बसून पुढचे ठरवितात. तेथून ही रीत ऑस्ट्रेलियात गेली. शाळेत तिचा अवलंब १९९४ साली क्वीन्सलँडमध्ये झाला. शाळेतील नृत्यसमारंभानंतर झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात मार्गारेट थोर्सबोर्न या शालेय समुपदेशिकेने अशी बैठक घेतली, आणि पुढे ती रीत ऑस्ट्रेलियातील अन्य शाळांतून, ब्रिटनमध्ये व अमेरिकेत पसरली.

बैठक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांची खोली, टेबलापलीकडे मुख्याध्यापक आणि अलीकडे उभा असलेला मुलगा असे चित्र येते. येथे टेबल नसते. सर्वजण वर्तुळात बसतात, म्हणजे कोणीही कोणाच्या वर नाही. परंतु खरे काम त्यापूर्वीच झालेले असते. बैठक चालविणारी व्यक्ती दोन्ही मुलांना आणि दोन्ही घरांना स्वतंत्र भेटते. ज्याचे नुकसान झाले त्यास विचारले जाते की तुझी यावयाची इच्छा आहे काय. नसेल तर बैठक होत नाही. ज्याने नुकसान केले त्याने आपण ते केले एवढे तरी मान्य केलेले असावे लागते. ‘मी नाहीच केले’ म्हणणाऱ्यासाठी ही जागा नव्हे. त्यासाठी जुनी चौकशी आहेच.

बसल्यावर प्रश्न ठरलेले असतात आणि ते आश्चर्य वाटावे इतके साधे असतात. काय घडले? त्या वेळी तुझ्या मनात काय होते? नंतर काय वाटले? याची झळ कोणाकोणास लागली असे तुला वाटते? मग दुसऱ्या मुलास: तुझ्यावर काय गुदरले? सर्वांत कठीण काय गेले? मग दोघांच्या आयांना, वडिलांना, वर्गशिक्षिकेस. शेवटी सर्वांना मिळून: हे नीट करावयास काय करावे लागेल? यात ‘का केलेस?’ हा आपला आवडता प्रश्न मुद्दामच ठेवलेला नाही. ‘का केलेस’ असे दरडावून विचारले की मूल एक तर गप्प राहते, नाही तर सबब शोधते. ‘काय घडले’ असे विचारले म्हणजे ते सांगू लागते. घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे.

बडोद्याच्या त्या शाळेत अशी बैठक झाली असती असे क्षणभर समजू. दप्तर फेकणाऱ्या मुलाने त्या पेनाची गोष्ट प्रथमच ऐकली असती. आपल्या नकलेमुळे हा मुलगा वर्गात उत्तर देण्यासही हात वर करीत नाही, हे त्यास ठाऊक असण्याचा संभव कमी. याच्या आईने, रात्री दोन वाजेपर्यंत बसून इस्त्रीने वह्यांची पाने वाळविली असतील तर, तेही सांगितले असते. कदाचित त्या मुलाकडूनही काही निघाले असते. नक्कल करणारी मुले पुष्कळदा स्वतः कोठेतरी नक्कल सोसून आलेली असतात. आणि करार? तो फार भव्य नसतो. अमुक वह्या त्याने स्वतःच्या हाताने उतरवून द्याव्या, पेनाच्या किमतीचा काही भाग खाऊच्या पैशांतून फेडावा, महिन्याने सर्वांनी पुन्हा बसून ठरल्याप्रमाणे झाले की नाही ते पाहावे. हे पुन्हा बसणे महत्त्वाचे. त्यावाचून सारे हवेत विरते.

यावर आमचे वयोवृद्ध वाचक म्हणतील, हे सारे फार मऊ झाले. आमच्या वेळी गुरुजींची छडी होती आणि आम्ही सुधारलो. छडीचा अनुभव आम्हासही आहे. तळहातावर दोन बसत, आपण हात चोळीत जागेवर जात असू आणि हिशेब मिटे. ज्याच्याशी भांडलो त्याच्याकडे पाहावेही लागत नसे. दोन छड्या आणि ज्याचे दप्तर भिजविले त्याच्या आईसमोर बसून तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणे, यांपैकी एक निवड असे सांगितले तर आपल्यापैकी किती जणांनी छडीसाठी हात पुढे केला नसता? सांधणारा न्याय मऊ आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या खुर्चीत स्वतःस बसवून पाहावे. शिवाय छडीचा प्रश्न आता कायद्यानेही निकालात निघालेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणावयाचे याचा विचार फारसा झाला नाही. उरले ते घरी बसविणे, ‘पालकांना घेऊन ये’ आणि पालकांच्या हाती दाखला देण्याची धमकी.

भीतीवाचून शाळा चालविता येते, हे आपणा गुजरातेतील मराठी मंडळींना तरी कॅनडाकडून शिकावयास नको. भावनगरास गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले, आणि पुढे ताराबाई मोडक यांनी तेथेच त्यांच्या खांद्यास खांदा लावून काम केले. परंतु भीती नाहीशी करणे हे एक आणि मोडलेले सांधणे हे दुसरे. मुले निर्भय झाली तरी भांडतातच.

लोकमान्यांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट मराठी घरात कोणास सांगावी लागत नाही. ती इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे चरित्रकारांवर सोपवू. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफले उचलणार नाही, हे बाल टिळकांचे बाणेदार उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, आणि ते योग्यच होते. सर्वांना सरसकट शिक्षा हा अन्यायच. पण गोष्ट सांगताना आपण एक विसरतो. शेंगा कोणी खाल्ल्या होत्या? त्या वर्गातील गुरुजींनी छडी बाजूस ठेवून ‘वर्ग घाण झाला आहे, आता काय करावयाचे?’ एवढे विचारले असते, तर खाणाऱ्यांपैकी एखादा उठलाही असता. गोष्ट मात्र इतकी रंगली नसती.

येथे एका गैरसमजास वाट मिळू नये. असे वर्तुळ म्हटले की ‘हे तर आमच्या पंचायतीत होतेच’ असे अभिमानाने म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पंच बसत हे खरे. पण जातपंचायतीने पुष्कळदा काय केले? माणसाला वाळीत टाकले. महाराष्ट्रास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. वर्तुळात बसून माणूस बाहेर काढता येतो, तसाच आतही घेता येतो. बलवानांच्या गराड्यात दुबळ्या मुलास बसवून ‘आता मिटवून टाक’ असे म्हणणे हा सांधणारा न्याय नव्हे, ती दडपशाहीच आहे. म्हणूनच बैठक चालविणारी व्यक्ती शिकलेली असावी लागते, आणि नुकसान झालेल्या मुलास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार खरोखरीचा असावा लागतो. लैंगिक छळासारख्या प्रकरणी तर शाळेने बैठकीचे नावही काढू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळताच पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

ज्या शाळांनी ही पद्धत नीट स्वीकारली त्या सांगतात की तंट्याच्या बैठका हा कामाचा लहान भाग. मोठा भाग तंट्यापूर्वीचा. आठवड्यातून एकदोनदा वर्ग वर्तुळात बसतो. एखादी वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हाती तो बोलतो, बाकीचे ऐकतात. विषय अगदी साधे: या आठवड्यात कशाचा आनंद झाला, कोणते नाव घेऊन हाक मारलेली आवडत नाही. ज्या वर्गात हे महिनोन्‌महिने चालले आहे तेथे नकलेची गोष्ट हौदापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघड होण्याचा संभव असतो. आणि एखाद्या दिवशी पोहोचलीच, तर बोलावयाचे कसे हे मुलांना आधीच ठाऊक असते.

याचे फळ काय, हा व्यवहारी प्रश्न आहे. अमेरिकेतील ओकलंड शहरात कोल नावाच्या शाळेत २००७ च्या सुमारास हा प्रयोग झाला, तेव्हा मुलांना काही दिवस घरी बसविण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. पण ती एकच शाळा होती आणि लहान होती. पिट्सबर्गमध्ये अधिक काटेकोर पाहणी झाली. ४४ शाळांपैकी निम्म्या शाळा सोडत काढून निवडल्या, दोन वर्षे तेथे ही पद्धत चालविली आणि उरलेल्या शाळांशी तुलना केली. रँड या संस्थेचा तो अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरी बसविण्याचे दिवस कमी झाले, शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारलेले वाटले. परंतु विद्यार्थ्यांना वर्गातील वातावरण सुधारल्यासारखे वाटले नाही, आणि सहावी ते आठवीच्या मुलांची परीक्षेतील कामगिरी घसरली. समर्थक हा दुसरा भाग सांगावयाचे विसरतात. आम्हास तो अधिक उपयोगी वाटतो. घरी बसविणे कमी करणे हेच ध्येय धरले की शाळा आकडा खाली आणते आणि त्रास देणारा मुलगा त्याच बाकावर, त्याच मुलाच्या शेजारी, काहीही न सांधता बसून राहतो. असे झाले तर आठ दिवसांची मनाई परवडली. निदान तेवढे दिवस तरी उसंत मिळते.

पत्रलेखिका भगिनींस आमचे सांगणे असे. शाळेकडे अधिक कडक शिक्षेची मागणी करू नये. तिने पोटदुखी थांबणार नाही. आधी आपल्या मुलास विचारावे, त्याच्याशी बोलावेसे वाटते काय? तो हो म्हणाला तर वर्गशिक्षिकेस किंवा समुपदेशकास भेटून दोन्ही घरांची एक शांत भेट घडवून आणण्याची विनंती करावी, आणि भेटीपूर्वी त्या मुलाच्या आईस एकटे भेटता आले तर फारच उत्तम. गुजराती आई आणि मराठी आई यांचे मुलांवरून पटावयास वेळ लागत नाही. तो नाही म्हणाला तर आग्रह धरू नये, थोडे थांबावे. आणि ‘सॉरी म्हण’ असे त्या मुलास कोणी दरडावू लागल्यास आपण होऊन थांबवावे. पाहुण्यांच्या मुलास चिमटा काढणाऱ्या आपल्या बाळाकडून आपण दिवाणखान्यात जी क्षमा वदवून घेतो, ती मोठ्यांच्या समाधानासाठी असते, आणि दोन्ही मुलांना ते पुरते कळते.

राहता राहिला शाळेचा वेळ. पन्नासपन्नास मुलांचे वर्ग, डोक्यावर अभ्यासक्रम, आणि वर हे वर्तुळ कोण घालणार, असे शिक्षक विचारतात आणि त्यांचे विचारणे खोटे नाही. तथापि पुष्कळ शाळांच्या वेळापत्रकात आठवड्यास एक तास मूल्यशिक्षणाचा असतो. त्या तासास बहुधा राहिलेले गणित उरकतात. पुढील पालकसभेत बसगाड्यांचा विषय संपल्यावर त्या तासाविषयी विचारावयास हरकत नाही.